विहिरीतला काळा दगड, आरशासारखं स्टील आणि मधला सांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांना शाळेच्या अंगणात सहा-सात फुटांचं अमूर्त शिल्प उभं करायचं आहे. दगड गावच्या विहिरीच्या खोदाईत निघालेला काळा पाषाण, आणि त्याच्या जोडीला आरशासारखं चकचकीत स्टेनलेस स्टील. दगड फुकट मिळतोय, गावातला वेल्डर हौशीने तयार आहे, थोडी लोकवर्गणीही जमली आहे. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: दोन्ही जोडायचं कसं, चकाकी टिकते का, आणि गावकऱ्यांनी ‘हे काय आहे?’ म्हटलं तर काय सांगायचं.

सर, तुमचं गाव औसा तालुक्यातलं हे वाचलं आणि स्टीलच्या आधी मला किल्लारी आठवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुमच्या भागात जी घरं बसली त्यांच्या भिंतींत दगडाची कमतरता नव्हती. भिंती चांगल्या जाडजूड होत्या. पण दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले, आणि भिंतीचा आतला थर बाहेरच्या थराला धरून नव्हता. हादरा बसला तसे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर घरं दुरुस्त करताना भिंतीतून आरपार जाणारे दगड बसवा, असं गावोगाव सांगितलं गेलं ते याचसाठी. तुमच्या शाळेतल्या मुलांच्या आजी-आजोबांनी ती पहाट पाहिलेली आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही दगड उभा करणार आहात, म्हणून मी दगडाने धरून राहण्यापासून सुरुवात करतो.

शिल्प म्हणून पाहिलं तरी मला तीस वर्षांत हेच पटत आलं आहे की दगड आणि धातूच्या कामात खरं शिल्प सांध्यात असतं. सुंदर दगड नदीत पडलेला असतो, चकचकीत पत्रा रेलिंगवाल्याच्या दुकानात उभा असतो. ते दोघं कुठे भेटतात, किती जवळ येतात, कोण कोणाला उचलतं, एवढंच आपलं काम.

आधी दगडाचं बघू. विहिरीचा दगड फुकट असला तरी तो सुरुंगाने निघालेला आहे. ट्रॅक्टर कॉम्प्रेसरने भोकं पाडून उडवलेल्या दगडाच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. बाहेरून धडधाकट दिसणारा दगड अर्धं काम झाल्यावर छिन्नीखाली दोन तुकडे होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तेव्हा होत नाही आणि उभा केल्यावर दोन पावसाळ्यांनी होतो. म्हणून विहिरीच्या काठावरच्या ढिगाऱ्यातला ताजा दगड घेऊ नका. दोन-तीन उन्हाळे आणि तेवढेच पावसाळे खाऊन पडलेला घ्या. काही दगड विहिरीतून काळेभोर निघतात आणि वर्षभरात ऊन-पाण्याने भुसभुशीत होऊन खपल्या टाकतात. ते ढिगाऱ्यावरच उघडे पडतात.

मग दगड आडवा करून, त्याच्याखाली दोन लाकडी ओंडके सरकवून, त्यावर हातोडीने ठिकठिकाणी टकटक करा. धड दगड खणखणीत वाजतो, भेग असलेला बद्द वाजतो. मी ज्या वडार मिस्त्रींच्या हाताखाली दगड शिकलो ते हातोडी मारून कान दगडाला लावायचे आणि म्हणायचे, “आधी त्येला बोलू द्या, मग आपुन बोलू.” आपल्या जुन्या शिल्पशास्त्रातही शिळेची पुरुष, स्त्री आणि नपुंसक अशी विभागणी करताना नाद ही एक खूण मानली आहे. नावं बाजूला ठेवा, पण कानाने दगड पारखायची रीत पक्की आहे. दुसरी चाचणी पाण्याची. दगडावर बादलीभर पाणी ओता आणि उन्हात वाळू द्या. सगळा पृष्ठभाग वाळतो, पण भेगेत मुरलेलं पाणी मागे राहतं आणि बारीक ओली रेघ दिसते. ती रेघ खडूने आखून घ्या. जिथे पिन (दगड आणि स्टील आतून जोडणारी सळई) जाणार तिथून अशी रेघ जात असेल तर तो दगड कितीही देखणा असला तरी सोडा.

आपला काळा पाषाण हा थरावर थर पसरलेला लाव्हा आहे, वय साधारण साडेसहा कोटी वर्षांचं. एकेका थराचा मधला गाभा घट्ट असतो. माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो आणि त्या पोकळ्यांत पांढरी स्फटिकं, गारा भरलेल्या असतात. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल, गेरूसारखा मऊ पट्टा असतो. पिन घट्ट गाभ्यातच घ्यायची. पण सच्छिद्र भाग टाकाऊ समजू नका. चकचकीत स्टीलच्या शेजारी पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा दगड जितका बोलतो तितका गुळगुळीत दगड बोलत नाही. एकाच दगडात दोन्ही भाग आले असतील तर नशीब समजा: घट्ट बाजू खाली आणि सांध्याकडे, सच्छिद्र बाजू उजेडाकडे.

वजनाचा अंदाज आधीच घ्या. या दगडाचा एक घनमीटर २.९ टनांच्या आसपास भरतो. दोन फूट बाय दोन फूट बाय पाच फुटांचा ठोकळा धरला तरी दीड टनाच्या वर जातो. पोरांना हौस असते, “सर, आम्ही उचलतो” म्हणतात. त्यांना लांब ठेवा. चेन पुली आणि तिपाई, किंवा तासाभरासाठी हायड्रा क्रेन, याला पर्याय नाही.

धुळीबद्दल एकच सांगतो आणि ते ठामपणे सांगतो. कापताना पाणी चालू ठेवा आणि कापडी रुमालावर विसंबू नका, बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क घ्या. काळ्या पाषाणात मोकळी सिलिका वालुकाश्मापेक्षा पुष्कळ कमी असते हे खरं, पण पोकळ्यांतल्या गारा म्हणजे सिलिकाच. त्या धुळीने फुप्फुसं एकदा बिघडली की परत बरी होत नाहीत. दगड फोडणाऱ्या माणसांचे खोकले मी जवळून ऐकले आहेत.

आता सांध्याकडे येतो. इथे माझी एक चूक तुम्हाला सांगणं भाग आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेच्या आवारात मी चार फुटांच्या दगडावर स्टीलचा गोल बसवला होता. आतली पिन म्हणून बांधकामावर उरलेली साधी लोखंडी सळई वापरली. आत जाणार, दिसणार नाही, काय फरक पडतो असं वाटलं. चौथ्या पावसाळ्यानंतर दगडाच्या माथ्यावर केसासारखी भेग आणि तिच्यातून खाली उतरलेला तांबूस ओघळ दिसला. सहाव्या वर्षी दगडाचा खांदा सुटून खाली पडला. सुट्टीचा दिवस होता, आवारात कोणी नव्हतं. घडलं ते असं: लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. भोकात जागा नसते, म्हणून तो दगडालाच आतून पाचर मारल्यासारखा फोडतो. त्यात साधं लोखंड आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटून ओल्यात राहिले की लोखंड आणखी वेगाने झिजतं. जुने लोक दगडात लोखंडी आकडे बसवताना भोवती शिसं ओतायचे, ते पाणी लोखंडापर्यंत पोचू नये म्हणून. आपण शिसं ओतायची गरज नाही, पण पिन स्टेनलेसचीच हवी, आणि खुल्या आभाळाखाली ती ३१६ ग्रेडची असेल तर उत्तम (ग्रेडचं पुढे सांगतो).

पिनेचं काम असं करा. तुमच्या मापाच्या शिल्पाला २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या, आटे पाडलेल्या दोन किंवा तीन सळया, दगडात किमान २०० मिलिमीटर आत. एकच पिन ठेवलीत तर वरचा भाग तिच्याभोवती फिरू शकतो, मुलं लोंबकळणारच. भोक पिनेपेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठं, आणि ते हॅमर मारणाऱ्या ड्रिलने न पाडता पाणी सोडून डायमंड कोअर बिटने, कारण ठोक्याने काठाला भेगा जातात. भोक पाडल्यावर आतली चिकटी ब्रशने घासा, फुंका, परत घासा, परत फुंका आणि पूर्ण वाळू द्या. बाजारात मिळणारं इपॉक्सी अँकर (पिन भोकात चिकटवायचा गोंद) कितीही चांगलं असलं तरी ते धुळीला चिकटलं तर धुळीसकट बाहेर येतं. मी पाहिलेल्या सुटलेल्या पिनांपैकी बहुतेक या आळसामुळे सुटल्या. शिल्प उभं करण्याआधी पिनांचा आणि पायाचा हिशेब एकदा गावातल्या किंवा औशाच्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या. भूकंपाच्या पट्ट्यात आहोत, आडव्या धक्क्याचा विचार त्यालाच नीट करता येईल.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हातल्या काळ्या दगडाचा पृष्ठभाग साठच्या आसपास. हा पन्नास अंशांचा फरक धरला तर एक मीटर लांबीची स्टीलची पट्टी जवळजवळ ०.८५ मिलिमीटर वाढते. तेवढाच दगड तिच्या निम्म्याहून कमी वाढतो. राहिलेला अर्धा मिलिमीटर कुठेतरी जायला हवा. तुम्ही दगडात खाच करून स्टीलची पट्टी घट्ट ठोकून बसवली, तर ती पहिल्याच मे महिन्यात पोट काढून वर येईल किंवा खाचेचा काठ उडवेल. म्हणून एक पिन पक्की भरा आणि दुसरीसाठी स्टीलमध्ये लांबट भोक ठेवा, म्हणजे धातू तिच्यावर सरकू शकतो. ठोकून बसवायची हौस असेलच तर पट्टीचे हातभरापेक्षा लहान तुकडे करा.

याच कारणाने मी गेली कित्येक वर्षं धातू दगडाला टेकवत नाही. मधे सहा ते दहा मिलिमीटरची फट ठेवतो आणि पिना आत लपवतो. लांबून बघितलं तर धातू दगडावर तरंगतोय असं वाटतं, आणि त्या फटीत सावलीची एक काळी रेघ तयार होते. ती रेघ दोघांना वेगळंही ठेवते आणि बांधूनही ठेवते. पावसाचं पाणी तिथून निघून जातं, वाढ-आकुंचनाला जागा मिळते. नैसर्गिक दगडाच्या उंचसखल कडेला समांतर अशी फट राखायची असेल तर पुठ्ठ्याचा साचा घ्या: जाड पुठ्ठा दगडाशेजारी उभा धरा, कंपासच्या एका टोकाने दगडाचा काठ चाचपत दुसऱ्या टोकाला पेन्सिल लावून रेघ ओढत जा. खिडक्या बसवणारे सुतार भिंतीशी चौकट जुळवायला हेच करतात. मुलांकडून हे काम करून घ्या, एका तासात त्यांना दगडाचा आकार जितका कळेल तितका वर्षभर चित्रं काढून कळणार नाही. आणखी एक बारीक गोष्ट: पोकळ स्टील बंद केलं तर खाली आठ मिलिमीटरचं भोक आणि त्याला बारीक जाळी ठेवा. जाळी नसेल तर कुंभारीण माशी चिखल आणून तिथे घर करते आणि पाणी आत साठतं.

पायाबद्दल: तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल अशी भेगाळते. तिच्यावर नुसता चौथरा बांधला तर शिल्प तीन-चार वर्षांत कलणारच. काळी माती पूर्ण काढून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खाली जा आणि तिथून आरसीसीचा पाया वर आणा, भोवती मुरूम भरा. या खर्चात कोणी काटकसर सुचवली तर ऐकू नका. चकाकी कमी केली तर चालेल, पाया कमी करू नका.

आता स्टील. बाजारात सगळ्यालाच ‘एसएस’ म्हणतात आणि लोहचुंबक लावून दाखवतात: “बघा, चिकटत नाही, अस्सल आहे.” ही चाचणी फसवी आहे. दोनशे सिरीजचं स्टील, ज्याला व्यापारी जे-फोर म्हणतात, त्यालाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि उघड्यावर ते लवकर डागाळतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्यावर दोन टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, समुद्रापासून इतक्या लांब, दर्शनी भागाला ३०४ पुरतं. फक्त विकत घेताना मँगनीज ओळखणारं रसायनाचं थेंबपरीक्षण करून मागा, किंवा मशीनने तपासलेला दाखला घ्या. एकदा मी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवून पत्रा आणला आणि उद्घाटनानंतर दोन महिन्यांत त्यावर चहाच्या रंगाचे ठिपके आले.

पत्रा पातळ घेऊ नका. सव्वा मिलिमीटरचा पत्रा आरसा केला की प्रत्येक पोचा जत्रेतल्या आरशासारखा चेहरा वाकडा दाखवतो. सपाट भागाला किमान तीन, जमलं तर पाच मिलिमीटरची प्लेट. मागून आधाराच्या पट्ट्या सलग वेल्ड केल्या तर त्यांचे व्रण पुढच्या आरशात उमटतात, म्हणून थोडे, छोटे आणि लांब-लांब टाके द्या. वेल्डिंग आर्गन वायूचं. तुमच्या गावच्या वेल्डरला पायाची फ्रेम आणि बसवणी मनापासून द्या, पण आरसा-पॉलिश दुसऱ्याकडून करून घ्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाण्याला औषध कंपन्यांच्या टाक्या बनवणारे कारखाने आहेत. त्या टाक्या आतून आरशासारख्या लागतात, त्यामुळे तिथल्या पॉलिशवाल्यांचा हात बसलेला असतो. जालन्याला स्टीलचं गाव म्हणतात म्हणून काहीजण तिकडे चौकशी करतात, पण तिथल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल बांधकामाच्या साध्या सळईच्या.

पॉलिशची रीत सांगतो म्हणजे काम घेताना तुम्हाला बघता येईल. १२० नंबरच्या कागदाने सुरुवात, मग १८०, २४०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक वेळी घासायची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात, आणि आधीचे ओरखडे एकूण एक गेल्याशिवाय पुढचा नंबर नाही. दोन नंबरांच्या मध्ये धुऊन काढायचं. १२० चा एक कण ६०० च्या कामात आला की दिवस वाया जातो. शेवटी तागाचा कडक बफ (पॉलिशची फिरती चकती), मग सुती बफ आणि हिरवा साबण, म्हणजे पॉलिशची वडी. ज्या डिस्कने साधं लोखंड घासलं तिने स्टेनलेसला हात लावायचा नाही, नाहीतर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच पावसात गंजाचे टिपके दिसतात. दगडाची घडाई आणि स्टीलचं पॉलिश एका छपराखाली करू नका. आणि वरची प्लॅस्टिकची फिल्म शिल्प उभं झालं की त्याच दिवशी काढा. उन्हात भाजली तर तिचा गोंद निघता निघत नाही.

एवढं सगळं केलं तरी आरशाला स्वतःचं रूप नसतं, समोर जे असेल तेच त्याचं रूप. म्हणून आकार ठरवण्याआधी जागा ठरवा. माझी पद्धत साधी आहे: घरच्या कपाटाचा आरसा घेऊन जा, जिथे स्टील येणार तिथे त्याच उंचीवर, त्याच कलाने धरा, आणि सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार वाजता काय दिसतं ते बघा. त्यात काय यावं हे तुम्ही ठरवा: कडुनिंब, झेंडा, की वर्गातून धावत सुटलेली मुलं. त्याचवेळी कवडसा कुठे पडतो तेही बघा. तो फळ्यावर किंवा रस्त्यावरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जात असेल तर कल बदला. उत्तरेकडे तोंड असलेला उभा आरसा आपल्याकडे सगळ्यात निर्धोक. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावर असल्याने कवडसा पायथ्याशीच पडतो.

एका गोष्टीवर मात्र माझी तडजोड नाही: चकचकीत पृष्ठभाग आत वळलेला, परातीसारखा, करू नका. तो ऊन एका जागी गोळा करतो, सूर्यचुलीसारखा. २०१३ साली लंडनमध्ये एका उंच इमारतीच्या आत वळलेल्या काचांनी रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचे भाग वितळवले होते. शाळेच्या अंगणात लातूरच्या उन्हात परात नको. बाहेर फुगलेला, घागरीच्या पोटासारखा आकार ऊन पसरवतो आणि त्यात सगळं अंगण मावतं.

आता दिसण्याचं. नव्याने काम करणारे दगडही चकचकीत करतात आणि स्टीलही, आणि मग दोन्ही एकमेकांशी भांडतात. तुमच्या उदगीरपासून जवळच असलेल्या बिदरची बिदरी तुम्ही पाहिली असेल. जस्त आणि तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडं घातलं की जस्ताचा भाग गर्द काळा होतो आणि चांदी तशीच उजळ राहते. चांदी उठून दिसते ती त्या निस्तेज काळ्यामुळे, आणि चांदी थोडी असते म्हणून. तेच प्रमाण मनात ठेवा. दगडाची सुरुंगाने फुटलेली बाजू तशीच राहू द्या, एका बाजूला टाकीचे घाव दिसू द्या, आणि स्टीलकडे बघणारा तळहाताएवढाच भाग पॉलिश करा. शिल्पकार इसामु नोगुचींनी जपानमधल्या मुरे गावी उतारवयात जे बेसॉल्ट, म्हणजे काळे पाषाण, घडवले, त्यांत दगडाची तपकिरी, हवा खाल्लेली साल कितीतरी ठिकाणी तशीच ठेवली आहे आणि मोजक्याच जागा घासून काळ्या केल्या आहेत. आपलाच दगड आहे तो, दुसऱ्या देशातला.

सांध्याचा इतका आग्रह धरला तर उलट उदाहरणही सांगायला हवं. ली उफान हे कोरियन कलावंत मोठा धोंडा आणि लोखंडी प्लेट नुसते शेजारी ठेवतात, जोडत नाहीत, आणि मधली जागाच काम करते. ते मला फार आवडतं. पण ते दालनात किंवा राखलेल्या बागेत. शाळेत, भूकंपाच्या पट्ट्यात, सुटा काहीही नको.

राहिला गावकऱ्यांचा प्रश्न. सर, मला वाटतं याची भीती तुम्ही उगाच बाळगली आहे. मराठवाड्यातल्या माणसाला न घडवलेल्या दगडाकडे बघायला शिकवावं लागत नाही. माहूरच्या रेणुकेचा तांदळाच आहे, म्हणजे न घडवलेला दगड. शेताच्या बांधावरचा म्हसोबा म्हणजे शेंदूर लावलेला धोंडा. औंढा नागनाथ, परळी, वेरूळचा घृष्णेश्वर, तिन्ही ठिकाणी देव म्हणजे पिंडी, जिला नाक-डोळे नाहीत. आणि गावोगावच्या पिंडीवर पितळी नाग असतो, वर तांब्याचं अभिषेकपात्र थेंब थेंब गळत असतं. काळा दगड आणि घासून लख्ख केलेला धातू ही जोडी तुमच्या गावातली म्हातारी रोज सकाळी बघते. तिला अमूर्त हा शब्द माहीत नसेल, पण ती ‘हे कोणासारखं दिसतं’ असं पिंडीला कधी विचारत नाही. म्हणून मी अर्थ सांगत बसत नाही. दगड कुठल्या विहिरीतला, किती फुटांवर लागला, कोणी काढला, हे सांगतो. तुमच्याकडे तर हा दगड पाणी शोधताना निघालेला आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी बघितलं, त्यांना विहिरीच्या दगडाशेजारी आभाळ धरणारं स्टील का ठेवलं हे फोड करून सांगायची गरज पडू नये. हां, एक मात्र होईल: कोणीतरी एखाद्या सकाळी कुंकू लावून जाईल. रागावू नका. ओल्या फडक्याने पुसा, पण त्या माणसाशी बोला.

‘हे काय आहे’ हा प्रश्न मोठमोठ्यांनाही चुकला नाही. शिल्पकार ब्रांकुशीचा चकचकीत ब्राँझचा अमूर्त पक्षी १९२६ साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला तेव्हा जकातवाल्यांनी तो शिल्प मानायला नकार देऊन कर लावला; १९२८ साली न्यायालयाने ते शिल्पच आहे असा निकाल दिला. आणि पुढच्याच दशकात इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी त्याचे तीन पक्षी विकत घेतले, एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. ज्या अहिल्यादेवींनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, त्यांच्याच घराण्यातले हे महाराज. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात मंदिर बांधायचं ठरलं, ब्रांकुशी तिथे येऊनही गेला, पण मंदिर झालं नाही. दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत. मी त्यांची छायाचित्रं विद्यार्थ्यांना शेजारी ठेवून दाखवतो: जवळपास तोच आकार काळ्या दगडात उजेड पिऊन टाकतो आणि ब्राँझमध्ये त्याच्या कडा विरघळून जातात. तुमच्या शिल्पात हे दोन्ही एकाच वेळी घडणार आहे, म्हणून आकार जितका साधा ठेवाल तितकं ते दिसेल.

आता चकाकी टिकते का, हा प्रश्न. टिकते, पण कोणीतरी पुसलं तर. बोअरचं जड पाणी स्टीलवर वाळलं की क्षारांचे पांढरे डाग बसतात, म्हणून पिण्याचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ सुती फडकं, आणि लगेच कोरडं करणं. महिन्यातून एकदा पुरे. तारेची घासणी कधीच नाही. सगळ्यात मोठा धोका रंगरंगोटीच्या वेळी येतो: फरशी साफ करायला आणलेलं ॲसिड कोणीतरी दगडावरच्या चुन्याच्या डागांवर ओततं, ते स्टीलवर उडतं आणि जिथे उडलं तिथे कायमचे खड्डे पडतात. शिपाईमामांना आणि रंगाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. स्टीलऐवजी पितळ घ्यावं का असंही तुमच्या मनात असेल. रोज घासणारे हात असतील तर पितळ स्टीलपेक्षा खूप ऊबदार दिसतं, मुलांच्या हातांनीच ते जागोजाग उजळतं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना कोणी नसतं, आणि तेवढ्यात ते काळवंडतं. शाळेसाठी मी स्टीलच सुचवेन.

आता पुढच्या रविवारी विहिरीवर जा, हातोडी, बादली आणि खडू घेऊन. तीन-चार दगड वाजवून, भिजवून बघा, ओल्या रेघा आखा, आणि चारही बाजूंनी फोटो काढून मापांसह पाठवा. पिना कुठून घ्यायच्या ते त्यावरून आपण बसून ठरवू.